वरचा घास कोणाच्या ताटातला?

गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाने आपल्या हाताने कुत्र्याला मांस घालावे की नाही? प्रश्न जुनाच आहे, पण अलीकडे तो आमच्या जळोचीत नव्या वेषात आला आहे. वेष म्हणजे पाकीट. आत कोंबडीच्या छातीच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. मीठ नाही, मसाला नाही, पीठ नाही, रंग नाही. एकच पदार्थ, तोही नुसता वाळवलेला, आणि हीच गोष्ट पाकिटावर मोठ्या अभिमानाने छापलेली असते. कोणी बोकडाचे वाळवलेले काळीज आणतो, कोणी कोंबडीचे पाय, कोणी म्हशीचा कान. मुले त्याला ‘ट्रीट’ म्हणतात. आपण खाऊ म्हणू.

वाचक माउली, हा प्रश्न मला देवळात हरिपाठ झाल्यावर विचारला गेला, आणि विचारणारी मंडळी माळकरी होती. मला त्यांचे कौतुक वाटले. ज्याला चोरून करायचे असते तो विचारायला येत नाही. घरात नातवाने कुत्रे आणले, ते आता पडवीत नाही, आत सोफ्याशेजारी झोपते, नातवंडे त्याला भाऊ मानतात. आजी-आजोबांनी वीस-तीस वर्षांत अंड्याचे टरफलही उंबऱ्याच्या आत येऊ दिलेले नाही. आणि आता फडताळात, गुळाच्या डब्याशेजारी, ते पाकीट. आजींचे म्हणणे एवढेच होते, “महाराज, मी त्याला उपाशी ठेवत नाही. पण ते पाकीट फोडताना माझा हात थरथरतो. हे पाप आहे की माझा नुसता सोवळेपणा?”

अशा प्रश्नाला दोन उत्तरे तयार मिळतात. एक : कुत्र्याचा धर्मच मांस खाण्याचा, त्याला घातले तर तुम्हाला दोष कसला? दुसरे : माळ घातली की घरात मांस नको, मग ते कोणाच्याही तोंडात जावो. दोन्ही उत्तरे देणारे लोक चांगले आहेत. पण दोघांनाही प्रश्न लवकर संपवायची घाई आहे असे मला वाटते.

आधी माळेचे बघू. माळ घालताना आपण काय कबूल करतो? मांस खाणार नाही, दारू पिणार नाही, परस्त्री मातेसमान मानीन, एकादशी धरीन, पंढरीची वारी चुकवणार नाही. प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे. कुत्र्याने कोणाकडून माळ घेतलेली नाही. त्याला वारी नाही, एकादशी नाही. आमच्याकडे एका घरात एकादशीला कुत्र्यालाही साबुदाण्याची खिचडी घालत. ते बिचारे शेंगदाणे वेचून खाई आणि बाकीचे अंगणात पुरून ठेवी. घरधनी कौतुकाने सांगत, आमचा मोत्या उपवास करतो! मी म्हटले, त्याला विचारले होते का? स्वतःचे व्रत दुसऱ्याच्या पोटावर लादले तर ती आपली हौस झाली, भक्ती नव्हे.

यावर महाभारतातला दृष्टांत सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो आपण अर्धाच सांगतो. ससाण्याच्या भीतीने कबूतर राजाच्या मांडीवर येऊन बसते आणि राजा त्याला अभय देतो. कीर्तनात आपण राजाचे नाव शिबी सांगतो. वनपर्वात एके ठिकाणी ही कथा उशीनर राजाच्या नावाने येते. ससाणा काय म्हणतो ते ऐकण्यासारखे आहे. तो म्हणतो, कबुतरावर दया करतोस ते ठीक, पण माझा घास काढून घेतलास तर मी मरेन, माझ्यामागे माझी बायको-पिल्ले मरतील. एकाला वाचवून तू इतक्यांना मारतोस. आणि जो धर्म दुसऱ्या धर्माच्या आड येतो तो धर्मच नव्हे. राजाने त्याला ‘तू दहीभात खा’ असे सांगितले नाही. ससाण्याची भूक खोटी ठरवली नाही. आमच्या बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) कऱ्हेकाठी बसून अख्खे महाभारत आर्यांत आणले. त्या गावच्या माणसाने तरी ही कथा कबुतरापाशी थांबवू नये, ससाण्याचेही ऐकावे. राजा पुढे काय करतो ते सांगेनच. ते आपल्या प्रश्नाला फार लागू आहे.

म्हणजे पहिले उत्तर बरोबर? प्राण्याचा धर्म मांस, आपण मोकळे? थांबा. ससाण्याचा धर्म आणि कुत्र्याचा धर्म एकच आहे का, ते आधी बघायला हवे.

मांजराचे ससाण्यासारखेच आहे. मांसात मिळणारे टॉरिन नावाचे द्रव्य मांजराच्या शरीराला स्वतःला पुरेसे करता येत नाही. ते बाहेरून मिळाले नाही तर डोळे जातात, हृदय कमकुवत होते. मांजर पाळून त्याला केवळ दूधभातावर ठेवण्याचा हट्ट धरणाऱ्या माळकऱ्याला मी स्पष्ट सांगतो, एकतर त्याला त्याचे अन्न द्या किंवा मांजर पाळू नका. उंदीर धरणारे मोकळे मांजर स्वतःचे बघून घेते, बंद फ्लॅटातल्या मांजराला तीही सोय नाही. पण कुत्रा लांडग्याच्या कुळातला असला तरी लांडगा राहिलेला नाही. २०१३ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या पत्रिकेत दाखवून दिले की धान्यातले पीठ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर राहून कुत्र्याचे पोटच आपल्यासारखे झाले. मला ही बातमी नातवाने वाचून दाखवली तेव्हा हसू आले, कारण हे आमच्या भागातल्या कोणत्याही मेंढक्याला ठाऊक आहे. तुकोबारायांची पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते. शेकडो वारकऱ्यांनी ते पाहिले असेल, पण कडेला उभे राहून मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांकडे किती जणांनी पाहिले? रानात लांडग्यापुढे उभा राहणारा हा कुत्रा बाजरीच्या भाकरीवर वाढतो. वाड्यावर मेंढरू मेले, वार पडली, तर तेही खातो. पण त्याच्यासाठी म्हणून मेंढरू कापल्याचे मी कधी ऐकले नाही.

नुसत्या भाकरीवर कुत्र्याचे भागते असे मात्र म्हणू नये. त्याला आपल्यापेक्षा जास्त प्रथिने लागतात. डाळ, दही, पनीर, आणि घरात चालत असेल तर अंडे, असे काही त्याच्या वाट्याला यावे लागते. पिल्लू, व्यालेली कुत्री, म्हातारे किंवा आजारी जनावर यांचे गणित वेगळे. तिथे जनावरांच्या डॉक्टरांना विचारावे आणि ते मांस घाला म्हणाले तर घालावे. आजारी जिवापुढे माळेचा हिशेब मांडत बसू नये. आणि दूधभाकरी घालतो म्हणून छातीही फुगवू नये. आमचा बारामतीचा भाग दुधाचा. संकरित गाय व्याली आणि गोऱ्हा झाला तर तो गोठ्यात किती दिवस दिसतो, हे शेतकरी वाचकांना मी सांगायला नको. २०१५ पासून राज्यात बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, तरी गोऱ्हा दिसत नाही तो नाहीच. आपल्या पांढऱ्या दुधाच्या पेल्यातही कोणाचा तरी वाटा बुडालेला आहे. असो. हा विषय मोठा आहे, पुन्हा कधी.

आता दोषाचे बघू. ‘मी मारले नाही, मी खाल्ले नाही, मग मला काय?’ हे वाक्य फार ऐकू येते. अनुशासनपर्वात भीष्माचार्य धर्मराजाला याचे उत्तर देतात, आणि ते टाळता येण्याजोगे नाही. ते म्हणतात, मारणारा तर मारतोच, खाणारा खाऊन मारतो, आणि विकत घेणारा पैशाने मारतो. हत्या तीन वाटांनी होते, आणि मधली वाट आपल्या खिशातून जाते. म्हणजे पाकीट घेणाऱ्या आजोबांचे नाव त्या यादीत आले. खाल्ले कोणी, हा प्रश्न तिथे उरतच नाही.

इथे कोणी पूर्वपक्ष करील की मग धर्मव्याधाचे काय? त्याच वनपर्वात मिथिलेचा खाटीक कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकवतो. तो स्वतः मारत नाही, स्वतः खात नाही, दुसऱ्यांनी मारलेले मांस दुकानात बसून विकतो. आणि आपल्या संप्रदायात तर सजन कसाई आहे. त्याच्या तराजूत मांस तोलायला शाळिग्रामाचे वजन असे, एका भल्या माणसाने ते उचलून पूजेला नेले, तर देव स्वप्नात येऊन म्हणाला, मला परत सजनाच्या दुकानात नेऊन ठेव. तुकोबांच्या गाथ्यातही ज्या भक्तांच्या कामाला देव हात लावतो त्यांत सजन कसायाचे नाव आहे. देव मांसाच्या दुकानात बसतो आणि आम्ही पाकीट हातात धरू नये?

आक्षेप चांगला आहे. मी स्वतः चाळीस वर्षे कीर्तनात सजनाची कथा लावली. पण ती कथा कोणाला उद्देशून आहे? जो नाकाला उपरणे लावून खाटकाच्या दारावरून जातो आणि मनात म्हणतो की देव माझ्याकडे आहे, त्याच्यासाठी ती आहे. ती विकत घेणाऱ्याला परवाना देत नाही, लांबून तुच्छतेने बघणाऱ्याची मान खाली करते. आणि धर्मव्याध आपल्या कामाबद्दल काय म्हणतो ते विसरू नका. तो म्हणतो, माझे काम घोर आहे यात शंका नाही. तो मांस विकतो आणि ते घोर आहे हे जाणतो. पाकिटाने नेमकी हीच जाण पुसली आहे. आत पिसे नाहीत, रक्त नाही, वास नाही. चाळीसएक दिवसांचे ब्रॉयलर कोंबडे त्यात आहे हे मनात यायला पाकीट फाडून चालत नाही, डोळे मिटावे लागतात. आजींचा हात थरथरला तो म्हणूनच. ज्यांचा थरथरत नाही त्यांच्यापेक्षा मला त्या शास्त्राच्या जवळ वाटल्या.

वाळवलेल्या मांसाची गोष्ट निघाली आहे तर आणखी एक सांगणे भाग आहे. ते काही वाचकांना रुचणार नाही.

मांस वाळवून ठेवणे महाराष्ट्राला नवे नाही. कोकणातले बोंबील आणि सुकट आपल्या आठवडे बाजारात पोहोचतात. पण देशावर, मराठवाड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळत घालत. त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात या सगळ्या खाण्यापिण्याची हकीकत लिहिली आहे, ती प्रत्येक कीर्तनकाराने वाचावी. गावातले ढोर मेले की ते ओढून नेण्याचे काम गावाने एका जातीवर टाकले. तेच मांस त्यांच्या पदरी अन्न म्हणून पडले. पावसाळ्यात कामे नसत, चूल पेटायची मारामार, तेव्हा त्या चान्या भाजून, शिजवून लेकरांना घालत. आणि गावाने काय केले? ते खातात म्हणून त्यांना विटाळ ठरवले. आमच्या चोखोबांचे कुळ तेच. देव चोखोबांबरोबर ढोरे ओढू लागला ही कथा आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि सांगून झाल्यावर घरी जाऊन हातपाय धुतो.

आता तीच पट्टी बघा. एकच पदार्थ, मीठ-मसाला नाही, वाळवलेला. भुकेल्या माणसाच्या दोरीवर ती होती तेव्हा ती पट्टी विटाळाची होती. चकचकीत पाकिटात घालून ती कुत्र्यासाठी आली तेव्हा माळकऱ्याच्या फडताळात गुळाशेजारी बसली. कुत्र्याला ती मिळू नये असे मी म्हणत नाही. माणसाला ती खावी लागली म्हणून ज्यांनी माणूस बाहेर ठेवला, त्यांनी आपले सोवळे नेमके कशाचे होते, हे एकदा स्वतःला विचारावे. मांसाचे तर नक्कीच नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, आणि तो सोडवायला नामदेवरायांकडेच जावे लागते. कुत्र्याने भाकरी उचलून पळ काढला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ही कथा आपण सर्वांभूती देव पाहण्यासाठी सांगतो. मी आता म्हातारपणी तिच्याकडे वेगळ्या कारणासाठी पाहतो. भाकरी ही भूक होती. ती कुत्र्याने स्वतःच घेतली. तूप ही भूक नव्हती. तुपावाचून तो कुत्रा मरणार नव्हता. तूप म्हणजे वरचा घास, कौतुक, मुलांच्या भाषेत ट्रीट! म्हणजे कुत्र्याचे लाड करू नयेत असे म्हणणाऱ्याला नामदेवराय आडवे येतात. प्रेमाला भुकेपुरते देऊन समाधान होत नाही, ते वर काहीतरी देतेच. ज्यांनी घरातल्या जिवाला कधी वरचा घास दिला नाही त्यांच्या भक्तीबद्दल मला शंका आहे.

पण ते तूप कोणाच्या वाटीतले होते? नामदेवांच्या स्वतःच्या. कुत्र्याला घातले तेवढे त्यांच्या पानात कमी पडले.

आता त्या राजाकडे परत चला. ससाण्याची भूक मान्य केल्यावर राजाने आधी काय देऊ केले? बैल देतो, रानडुक्कर देतो, हरिण देतो, रेडा देतो, म्हणाला. मूळ कथेत असे आहे, आपण ते गाळतो. म्हणजे राजालाही पहिल्यांदा पाकीटच आठवले! एकाला वाचवायचे, दुसऱ्याला पोसायचे, आणि किंमत तिसऱ्याच्या मानेने द्यायची. ससाण्याने ते नाकारले. तो म्हणाला, कबुतरावर एवढे प्रेम असेल तर त्याच्या भारोभार तुझे मांस दे. मग तराजू आला, राजाने मांडी कापली, पारडे भरेना, शेवटी तो स्वतःच पारड्यात चढून बसला. आपल्याला कोणी मांडी कापायला सांगत नाही. पण दयेची किंमत ज्याने दया केली त्याच्याकडून घ्यावी, हे ससाण्याने राजाला शिकवले, आणि इंद्रच त्या रूपात आला होता.

जुन्या घरांत वैश्वदेव झाला की कावळा, कुत्रा, दारी आलेला उपाशी यांचा घास निघे. चंपाषष्ठीला खंडेरायाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि त्यातला वाटा कुत्र्याला जातो. दोन्ही ठिकाणी घास घरात शिजलेल्यातला आहे, आपण जे खाणार त्यातला. त्यासाठी बाहेर कोणाला मारून आणायचे नाही. मला जे सापडले ते एवढेच आहे. भूक असेल तर जनावराला त्याचे अन्न द्यावे, मांस लागत असेल तर मांस द्यावे, आणि धर्मव्याधासारखे घोर हे घोर म्हणून जाणून द्यावे. ‘त्याचा धर्मच तो’ म्हणून हात झटकू नयेत. पण कौतुकाचा घास, ज्याच्यावाचून अडत नाही असा घास, माळकऱ्याने आपल्या ताटातून द्यावा. कौतुक माझे आणि मान कोंबड्याची, हा सौदा मला पटत नाही.

यावर एक जाणता तरुण मला म्हणाला, “बाबा, ते पाय, फुप्फुस, कान हे माणसे खात नाहीत म्हणून फेकलेच जाते. कोंबडे माणसासाठी कापले गेलेच आहे. उरलेले कुत्र्याने खाल्ले तर जास्तीची हत्या कुठे झाली?” हे बोलणे मला निम्मे खरे वाटते. उरलेले वाया न घालवणे हा विचार चांगलाच आहे, आणि आमच्याकडे कोंबडीचे पाय खाणारी माणसेही आहेत हे त्याला ठाऊक नसावे. पण छातीचे मांस काही उरलेले नव्हे. कच्च्या मांसात तीन चतुर्थांश पाणीच असते. म्हणजे चार किलो मांस वाळवले की जेमतेम किलो-सव्वा किलो हाती लागते. मूठभर दिसते तेव्हा त्यामागे किती आहे हे त्या हलकेपणात कळत नाही. आणि जे आज उरलेले म्हणून विकले जाते त्याला उद्या भाव आला की ते उरलेले राहत नाही, त्याचाच धंदा होतो. तरीही ज्याला काही घ्यायचेच असेल त्याने छातीच्या पट्ट्यांपेक्षा ते घ्यावे, एवढे त्या मुलाचे मी मान्य केले. तो खूश झाला. त्याच्या आईला मात्र माझे बोलणे फार सैल वाटले.

मग ताटातला वरचा घास म्हणजे काय, असे घरोघरी विचारतील. उकडलेल्या रताळ्याची फोड, गाजर, बी काढलेल्या सफरचंदाचा तुकडा, पनीरचा एक खडा, भाकरीचा कडक पापुद्रा. चावायला काही हवे तर हिमालयात याक आणि गायीच्या दुधापासून छुर्पी नावाचा दगडासारखा कडक पदार्थ करतात, तो आता कुत्र्यांसाठी इकडेही मिळतो. गोऱ्ह्याचे मी वर म्हटले ते त्यालाही थोडे लागू आहेच. डॉक्टर सांगतात की दिवसभराच्या खाण्यात खाऊचा भाग दहावा हिस्सा असावा, त्याहून जास्त नाही. आणि एक गोष्ट कुत्रे पाळणारे सगळेच सांगतात. तुकडा किती मोठा याचे त्याला काही नसते, तुम्ही खाली वाकलात, नाव घेतलेत, हात पुढे केलात याचे असते. बोटाच्या पेराएवढे रताळे त्याला पुरते.

एक सावधगिरी मात्र भक्तांनीच घ्यायची आहे, कारण आपला प्रसाद कुत्र्याला भोवतो. बेदाणे, मनुका, द्राक्षे त्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. शिऱ्यात, पंचखाद्यात ती असतात आणि लेकरे प्रेमाने भरवतात. कांदा-लसूण त्याचे रक्त बिघडवतो, चॉकलेट तर विषच. मांसाचे वाळवणही निर्धोक असते असे नाही. २००७ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे वाळवलेल्या मांसाच्या खाऊने, विशेषतः चीनहून आलेल्या, कुत्री आजारी पडल्याच्या हजारो तक्रारी गेल्या, आणि बरीच चौकशी होऊनही नेमके कारण हाती लागले नाही. एकच पदार्थ आहे म्हणून तो शुद्ध, हा समज त्यांनाही महागात पडला. शिजवलेले हाड तर कधीच देऊ नये, त्याचे तुकडे आतड्यात रुततात.

आता घरातल्या भांडणाचे. हा लेख वाचून कोणी सासूबाई सुनेपुढे मासिक आपटतील, तर माझी त्यांना हात जोडून विनंती आहे. सुनेने किंवा नातवाने पाकीट आणले ते कुत्र्यावरच्या मायेने आणले. त्यांच्या गळ्यात माळ नसेल तर तुमची माळ त्यांच्या गळ्यात बळेच घालू नका. ते एकादशीच्या साबुदाण्यासारखे होईल. तुम्ही तुमच्या हाताने देऊ नका, फडताळ वेगळे ठेवा, आणि संध्याकाळी हरिपाठाला बसताना कुत्र्याला जवळ बसू द्या. रताळ्याची फोड तुमच्या हातून खाऊ लागला की पाकिटाची आठवण त्याला कमी होते, नातवालाही होते. सक्तीने घातलेल्या माळा मी आयुष्यभर तुटताना पाहिल्या आहेत.

आणि आजींनी शेवटी विचारले होते की आधीच आणलेल्या, अर्ध्या उरलेल्या पाकिटाचे काय करू, कचऱ्यात टाकू का? टाकू नका. त्या कोंबड्याचा जीव गेला तो गेला, कचऱ्याच्या गाडीत जाण्यासाठी तरी तो गेला नव्हता. कालव्याच्या कडेला कुत्री पडून असतात, त्यांच्यात एखादी नुकती व्यालेली, बरगड्या दिसणारी असतेच. तिला चार-चार तुकडे करून घाला, पाण्याचे भांडेही न्या, कारण वाळलेले खाऊन तहान फार लागते. हात थरथरला तर थरथरू द्या.